बाबांच्या ऑल्टोचा जड क्लच: नोंदी

गाडी: ऑल्टो, ७९६ सीसी, नोंदणी जानेवारी २०१०, नंबर एमएच-०३. आजचं रीडिंग ६८,४०० किमी. क्लच केबलवर चालणारा. मुक्काम कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व.

८ जून २०२५, रविवार

बाबांनी आज गाडीची चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तूच चालव गो आता. डावा गुडघा नाय म्हणतोय." सत्तावीस वर्षं बेस्टची बस चालवलेला माणूस आईला दादरपर्यंत न्यायला नको म्हणाला. मला ते फार लागलं. गुडघ्याचं दुखणं आहे हे खरं, पण मागच्या दिवाळीपर्यंत हाच गुडघा त्यांना कुठे अडवत नव्हता.

आईला मागे बसवून मी गाडी काढली. एलबीएस मार्गावर मेट्रो ४ च्या कामाचे पत्रे आणि दोन गाड्यांपुरता रस्ता, म्हणजे पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, एवढंच चालू होतं. घाटकोपर येईस्तोवर माझी पोटरी भरून आली. माझं वय एक्केचाळीस, गुडघ्यांची काही तक्रार नाही. मग जड काय झालंय, गुडघा की पेडल?

आठवतंय तेवढं लिहून ठेवते:
पेडल खाली जाताना जड, मध्येच किंचित अडखळतं. वर येताना सावकाश येतं, पाय काढला तर पाठोपाठ उडी मारत नाही. क्लच वरच्या बाजूला, पेडल जवळजवळ पूर्ण सुटल्यावर पकडतो. गिअर पडताना आवाज नाही, रिव्हर्सही गुपचूप पडतो.

१० जून, मंगळवार

ऑफिसातून लवकर निघून एका गॅरेजला दाखवली. मालकांनी दोनदा पेडल दाबलं आणि सांगितलं, "क्लच प्लेट संपली. पूर्ण सेट टाका, मजुरीसकट साडेसहा हजार." बॉनेट उघडलंसुद्धा नाही.

प्लेट झिजली की पेडल जड होतं, यात तथ्य आहे. प्लेट पातळ होते तशी डायफ्रॅम स्प्रिंगची (प्लेट दाबून धरणाऱ्या चपट्या स्प्रिंगची) बोटं रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबलं की ती बोटं ढकलणाऱ्या बेअरिंगकडे) सरकतात, पेडलचा मोकळा खेळ (विरोध लागण्याआधीचा सैल टप्पा) कमी होतो आणि स्प्रिंग दाबायला जास्त जोर लागतो. पण प्लेट संपली असती तर क्लच घसरायला हवा होता. म्हणून येताना पूर्व द्रुतगती मार्गावर पुलाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिलं. इंजिनाचा आवाज चढला तसा वेगही चढला. आवाज पुढे आणि गाडी मागे असं झालं नाही. सोसायटीत हँडब्रेक लावून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून पाहिला, इंजिन जागच्या जागी बंद पडलं. प्लेट धरतेय.

साडेसहा हजार आज देत नाही.

१४ जून, शनिवार

"जड" हा शब्द मला पुरेसा वाटेना. उद्या काही बदललं आणि बरं वाटलं, तर ते खरं की मनाचं, हे कसं कळणार? मोजायचं ठरवलं.

घरातला डिजिटल वजनकाटा आणि दीड फुटाचा कापलेला फावड्याचा दांडा घेतला. ड्रायव्हरच्या दाराबाहेर गोणपाटावर गुडघे टेकून बसले. दांड्याचं एक टोक पेडलवर, दुसरं टोक उभ्या धरलेल्या काट्याच्या मधोमध, आणि काट्यामागून दोन्ही हातांनी ढकलायचं. दांड्यावर चिकटपट्टीची खूण केली. ती खूण सीटच्या कडेशी आली की पेडल बरोबर अर्धं खाली. असा उभा धरलेला काटा किलोमागे किलो खरं सांगणार नाही, पण चूक दर वेळी तीच असेल, त्यामुळे आजचा आकडा उद्याच्या आकड्याशी ताडून पाहता येईल.

बाबा खिडकीतून बघत होते, मग खाली आले आणि आकडे लिहून घ्यायला लागले.

पेडल खाली जाताना, अर्ध्यावर: १६ किलोच्या आसपास.
पूर्ण दाबून हळूहळू सोडताना, त्याच खुणेवर: ५ किलो.

प्रत्येक आकडा पाच वेळा घेतला. एखाद-दुसऱ्या किलोचा फरक येतो, जास्त नाही.

पेडल तेच, जागा तीच, स्प्रिंगही तीच, आणि जाताना सोळा तर येताना पाच! स्प्रिंग जड झाली असती तर तिने पाय तेवढ्याच जोराने परत ढकलला असता. घर्षण मात्र दोन्ही वेळा आडवं येतं. खाली जाताना ते माझ्या पायाविरुद्ध लढतं आणि वर येताना स्प्रिंगविरुद्ध. मधले अकरा किलो या रस्त्यात कुठेतरी अडकलेत. प्लेट बदलून ते निघणार नाहीत.

मोकळा खेळही मोजला. स्टीलची पट्टी पेडलशेजारी धरून बोटाने हलकं दाबायचं, जिथे विरोध लागतो तिथपर्यंतचं अंतर घ्यायचं. ९ मिलिमीटर भरलं. हवा १५ ते २५. गॅरेजमध्ये बऱ्याचदा जड क्लचवर उपाय म्हणून केबलचा नटच फिरवून देतात. त्याने क्लच कुठे पकडतो ती जागा वरखाली होते, वजन उतरत नाही. उलट खेळ उरला नाही तर रिलीज बेअरिंग सतत टेकून फिरत राहतं आणि आधी तेच जातं.

१५ जून, रविवार

सकाळी पाऊस नव्हता. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत उतरला, तेव्हापासून कोरडा रविवार मिळणं मुश्किल. सात वाजता बॉनेट उघडलं.

पायापासून क्लचपर्यंत चार जागा आहेत: पेडलचा खिळा, केबल, गिअरबॉक्सवरचा लिव्हर आणि त्याचा शाफ्ट, आणि गिअरबॉक्सच्या आत रिलीज बेअरिंग व प्रेशर प्लेट (डायफ्रॅम स्प्रिंग असलेली तबकडी). केबल सोडवली की साखळी दोन ठिकाणी तुटते आणि प्रत्येक तुकडा हाताने वेगळा तपासता येतो.

गिअरबॉक्सकडच्या टोकाचा नट पूर्ण काढला, केबल लिव्हरमधून सोडवली. मग डोकं स्टेअरिंगखाली घालून केबलचा पेडलकडचा हूक काढला. मोकळं पेडल एका बोटाने वरखाली होतं. किंचित कुरकुरतं, पण अडत नाही. पेडल निर्दोष सुटलं.

केबल ओढून बाहेर काढली. हातात धरून आतली तार पुढेमागे केली, तर वाळूतून ओढल्यासारखी खरखर. एक टोक उंच धरून ठेवलं, दुसऱ्या टोकातून मळकट तपकिरी पाण्याचे तीन-चार थेंब टपकले. बॅटरीच्या ट्रेजवळ केबलला इतकं तीव्र वळण पडलं होतं की बाहेरचं आवरण एका बाजूने चपटं झालं होतं, आणि तिथेच ते घासून आतलं पोलादी वेटोळं दिसत होतं. डिसेंबरात बॅटरी बदलली तेव्हा केबल ट्रेच्या चुकीच्या बाजूने गेली असावी. पत्र्यातून केबल जिथे आत शिरते तिथली रबरी टोपी तर नव्हतीच.

बाबांनी केबल दोन्ही हातांत घेऊन तार सरकवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि मी गुडघ्याला तेल चोळत बसलो."

लिव्हर हाताने हलवून बघायचा राहिला. चोर समोर सापडल्यावर पुढची झडती घेतली नाही. ही माझी चूक, पुढे दोन आठवडे तिने खाल्ले.

२१ जून, शनिवार

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर केबल घेतली. जुनी केबल सोबत नेली होती. दुकानदाराने दोन ठेवल्या, एक १९० ची, एक ४३० ची. लांबी सारखी. दोन्ही गोल वळवून हातात धरल्या आणि तार ओढून पाहिली. स्वस्त केबल वळणात घट्ट होत होती, महागडी वळणातही तशीच सरकत होती. फरक आतल्या प्लास्टिकच्या नळीचा. ४३० ची घेतली, रबरी टोपी वेगळी ३० रुपयांना.

बसवताना तीन गोष्टी सांभाळल्या. वळणं मोठी ठेवली. एक्झॉस्टपासून केबल लांब ठेवली. आणि आत ग्रीस भरलं नाही. शेजारचे काका आग्रह करत होते, पण प्लास्टिकची नळी असलेल्या केबलला ग्रीस लागत नाही, ते धूळ धरतं आणि वर्षभरात लापशी होते. ग्रीस फक्त पेडलकडच्या हुकाला आणि लिव्हरच्या टोकाला, बोटाच्या पेरावर मावेल एवढं.

खेळ २० मिलिमीटरवर लावला.

काट्यावर: जाताना १३, येताना साडेसात.

अकराचे साडेपाच झाले. आई म्हणाली, "झालं ना मग?" मलाही तसंच वाटायला हवं होतं.

२४ जून, मंगळवार

दोन दिवस ऑफिसला गाडी नेली. पोटरी भरत नाही, पण सायनच्या सिग्नलला पेडल अजून आळसावून वर येतं. केबल नवी, पेडल मोकळं, आणि साडेपाच किलो अजून कुठेतरी आहेत.

२९ जून, रविवार

आज बाबांना सीटवर बसवलं. इंजिन बंद. त्यांनी डोळे मिटून आठ-दहा वेळा पेडल दाबलं, सोडलं. "खाली जाताना सुरुवातीलाच अडतंय. क्लचपर्यंत पोचायच्या आधी. मोकळ्या खेळात मोकळं नाय." मला ते कळलं नव्हतं. तो २० मिलिमीटरचा टप्पा हवेत पाय टाकल्यासारखा जायला हवा, आणि तिथेच त्यांच्या पायाला ओढ लागत होती.

नट सैल करून केबल लिव्हरवरून उतरवली. लिव्हर दोन बोटांत धरून हलवायला गेले, तर दोन बोटांनी हलेना. तळहाताने ढकलल्यावर करकरत थोडा सरकला आणि तिथेच राहिला. मोकळ्या लिव्हरने त्या दोन-चार मिलिमीटरच्या टप्प्यात खुळखुळायला हवं. इथे तो गंजलेल्या बिजागरीसारखा होता. वाकून पाहिलं. लिव्हरचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या कवचात जिथे शिरतो, तिथल्या सीलभोवती (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीभोवती) गंजाची लालसर कडा, आणि सीलचा ओठ फाटलेला.

आणि मग कारण समजलं. जानेवारीत गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली, वडाळ्याच्या आरटीओत पासिंग करून आरसी पाच वर्षांसाठी वाढवायची होती. गाडी चकाचक दिसावी म्हणून मी स्वतः इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुवून घ्यायला सांगितलं होतं. पोरगा बंदूक धरून पाच मिनिटं नेमका त्याच कोपऱ्यावर पाणी मारत होता, मी शेजारी उभी होते. पंधरा वर्षांच्या कडक झालेल्या सीलमधून पाणी आत बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीत) गेलं, होतं नव्हतं ते ग्रीस धुतलं गेलं, आणि पेडल फेब्रुवारीपासून जड होत गेलं. तारखा जुळतात.

बॉक्स उतरवण्याआधी निदान पक्कं करायचं होतं. गंज सोडवणारा स्प्रे सीलच्या कडेला मारला, लिव्हर शंभरेक वेळा पुढेमागे केला, अर्धा तास थांबून पुन्हा. संध्याकाळी लिव्हर दोन बोटांनी हलायला लागला.

काट्यावर: जाताना ११, येताना ९.

हा औषधोपचार नाही, फक्त रक्ततपासणी आहे. स्प्रे ग्रीसची जागा घेत नाही, आणि जास्त मारला तर झिरपत प्लेटवर जाईल.

४ जुलै, शुक्रवार

तीन दिवस धो धो. पेडल परत जड. जाताना १२, येताना ८. आता शंका उरली नाही.

१२ जुलै, शनिवार

पार्कसाइटच्या एका मेकॅनिककाकांकडे गाडी दिली. त्यांना सगळे आकडे दाखवले. त्यांनी वही मन लावून वाचली आणि विचारलं, "हे वर येतानाचं वजन तुम्हाला कोणी सांगितलं मोजायला?" मग स्वतः लिव्हर हलवून पाहिला आणि म्हणाले, "बॉक्स उतरवू. तुम्ही थांबा, तुमच्यासमोर उघडतो."

सकाळी दहाला सुरुवात. बॅटरी आणि ट्रे काढला, गिअर ऑइल काढलं, गाडी घोडीवर घेतली, इंजिनाखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा. दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट निघाले. साडेबाराला त्यांनी आणि त्यांच्या मुलाने बॉक्स हातांवर खाली घेतला.

आत काय होतं:

रिलीज शाफ्ट हातोडीने हळूहळू ठोकून बाहेर काढावा लागला. वरच्या बुशच्या जागी शाफ्टवर दोन बोटं रुंदीचा गंजाचा पट्टा होता. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला आणि खाली खड्डे दिसले. खालचा बुश मात्र चांगला, ग्रीस काळं झालेलं पण ओलं. पाणी वरूनच आलं, याची ही खूण.

रिलीज बेअरिंग फिरवलं की घरघरतं. नऊ मिलिमीटर खेळावर महिनोन्‌महिने चाललं, त्याचा हिशेब त्याने दिला. डायफ्रॅमच्या बोटांवर चकचकीत गोल घासलेला.

प्लेटचे रिव्हेट्स व्हर्नियरने मोजले. पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंत ०.७ मिलिमीटर. ०.५ ला प्लेट बाद. म्हणजे प्लेट संपली नव्हती, पण म्हातारी झाली होती. फ्लायव्हीलवर (प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या चकतीवर) निळे डाग किंवा भेगा नाहीत.

इथे विचार करावा लागला. नुसते बुश, सील आणि बेअरिंग बदलून हजार-बाराशेत काम झालं असतं. पण बॉक्स उतरवायची मजुरी परत वर्ष-दीड वर्षात द्यायची, तीही बाबा गाडी चालवत असताना मध्येच, हे पटेना. सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, घातला. त्या गॅरेजवाल्यांनी सुचवलेलीच वस्तू आत गेली, हे मान्य. पण त्यांनी पेडलकडे पाहून फक्त सेट घातला असता, तर तो गंजका शाफ्ट आणि ती खरखरीत केबल जशीच्या तशी राहिली असती, आणि पेडल तसंच जड राहिल्यावर बाबांनी पुन्हा गुडघ्यालाच दोष दिला असता.

शाफ्ट नवा, दोन्ही बुश नवे, सील नवं. बुशमध्ये उष्णता सोसणारं ग्रीस. प्लेट ज्यावर बसते त्या इनपुट शाफ्टच्या दात्यांवर अगदी पुसल्यासारखं ग्रीस, कारण जास्तीचं फिरताना उडून प्लेटवर बसतं आणि नवीन क्लच पहिल्याच दिवशी घसरायला लागतो. काकांच्या मुलाने प्लेट दुसऱ्या एका जुन्या इनपुट शाफ्टवर मधोमध धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळले. बॉक्स चढवण्याआधी काकांनी मला लिव्हर हलवायला सांगितला. करंगळीने हलला.

लिव्हरच्या वरच्या टोकावर त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून टोपीसारखा बसवला. "पाणी मारू नका परत," एवढंच म्हणाले.

सहा वाजता गाडी खाली. खर्च: सेट, शाफ्ट, बुश, सील, गिअर ऑइल आणि मजुरी मिळून ७,१५०. केबल धरून ७,६१०.

१३ जुलै, रविवार

काट्यावर: जाताना ९, येताना साडेसात. पाच वेळा घेतलं. दीड किलोचं घर्षण, ते कुठल्याही गाडीत असतं. क्लच आता मधल्या जागी पकडतो, खेळ २० मिलिमीटर.

आकडा बाबांना सांगितला नाही. चावी त्यांच्यासमोर ठेवली. ते बसले, सीट एक खाच पुढे घेतली, तीन वेळा पेडल दाबलं. मग काही न बोलता आरसा नीट केला आणि पट्टा लावला. मी डाव्या सीटवर, आई मागे. टागोर नगरातून बाहेर पडून मुलुंड चेकनाक्यापर्यंत आणि परत, सगळा एलबीएस, सगळा पहिला-दुसरा. भांडुपला एका बसमागे दहा मिनिटं रांगत होतो, तेव्हा मी त्यांच्या डाव्या पायाकडे बघत होते. पेडल सोडलं की पाय उचलून बाजूला टेकवत होते, क्लचवर ठेवत नव्हते. इतक्या वर्षांची सवय.

घरी आल्यावर गुडघा दुखतोय का विचारलं. "दुखतोय," म्हणाले. "पण दुखायचा तेवढाच."

२७ जुलै, रविवार

रीडिंग ६९,०१०. बॉक्स उतरवल्यापासून सुमारे ४५० किमी. नवी प्लेट बसताना थोडी झिजते, म्हणून खेळ पुन्हा मोजला: १७ मिलिमीटर. हद्दीत आहे, तरी नट एक आटा सैल करून २० वर आणला. लिव्हर दोन बोटांनी खुळखुळतो. ट्यूबची टोपी जागेवर, खाली कोरडं. काट्यावर ९ आणि साडेसात.

रबरी टोपीतून पाण्याचा एक ओघळ आत आलेला दिसला, टोपी काढून उलटी बसली होती ती सरळ केली. पुढची मोजणी गणपतीत गावाहून आल्यावर. गाडी बाबा चालवणार आहेत, कशेडीपर्यंत तरी.